तिसऱ्या प्रकरणाला कुलूप

२ मार्च, सोमवार

आज सकाळी संगणकाने मला सरळ धमकीच दिली. खातं उघडलं, तर वर पिवळी पट्टी: 'आपल्या सुरक्षिततेसाठी दुहेरी पडताळणी सुरू करा. सोळा तारखेनंतर तिच्याशिवाय खातं उघडणार नाही.' खाली एक चौकोन. मोबाइल क्रमांक लिहा.

मोबाइल माझ्याकडे नाही. चौतीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढली आणि त्यातली निम्मी त्या ड्यूटीच्या फोनने खाल्ली. जेवताना वाजला, आंघोळीच्या वेळी वाजला, चिरंजीवांच्या बक्षीस समारंभात तर टाळ्यांच्या मधोमध वाजला. निवृत्तीच्या दिवशी तो मेट्रनबाईंच्या टेबलावर ठेवला आणि घरी पोचेपर्यंत ठरवून टाकलं, आता पुन्हा नाही. दोन वर्षं झाली त्याला. दाराशी तारेचा फोन आहे. ज्याचं माझ्यावाचून अडतं तो त्यावर करतो.

पण त्या खात्यात माझं पुस्तक आहे. नव्या परिचारिकांसाठी बाळंतपणाचं हातपुस्तक. बारा प्रकरणं झाली, दोन राहिलीत, महिनाअखेर ते छापणाऱ्या संस्थेला द्यायचंय. खातं सूनबाईनेच तिच्या मशीनवर उघडून दिलं होतं, सहा महिन्यांपूर्वी, ती दोघं इथे राहायला आली तेव्हा. पासवर्डही तिनेच सुचवला. मी फक्त टंकत सुटले.

"घे की एक फोन," हे म्हणाले.

"म्हणजे दाराला कुलूप लावायला आधी हत्ती विकत घ्यायचा?"

"माझा नंबर टाक मग."

ह्यांचा फोन आठवड्यातून तीनदा हरवतो. गेल्या खेपेस चपलांच्या कपाटात सापडला. त्याच्यावर मी बारा प्रकरणं सोपवू?

४ मार्च, बुधवार

तारेच्या फोनचा नंबर टाकून पाहिला. 'हा क्रमांक ग्राह्य नाही.' तीस वर्षं जुना नंबर, आणि ग्राह्य नाही!

जेवताना सूनबाई म्हणाली, "आई, माझा नंबर टाका ना. कोड आला की मी लगेच सांगेन."

मी म्हणाले, "नको. माझ्या घराची किल्ली मी दुसऱ्याच्या खिशात ठेवत नाही."

बोलून गेले आणि मग जाणवलं, 'दुसऱ्याच्या' हा शब्द चुकला. ती पान तसंच ठेवून उठली. कांदा परतल्याचा वास घरभर कोंडलाय म्हणाली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली.

मुलगी गुणी आहे. मोजणी कार्यालयात नकाशे काढते, हात अगदी सुबक. पण चिरंजीव पुलाच्या कामावर गेल्यापासून आणि आम्ही तिघंच घरात उरल्यापासून तिची-माझी तार काही जुळत नाही. हल्ली माझ्या हातचा चहाही घेत नाही. सकाळी कोरडे टोस्ट खाते, तेही खोलीत. परवा मी चुऱ्यावरून बोलले. मुंग्या होतात म्हटलं. आता वाटतं, कशाला बोलले?

५ मार्च, गुरुवार

मार्ग सापडला! त्या चौकोनाखाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, 'दुसरा पर्याय निवडा' असं लिहिलेलं. चष्मा पुसल्यावर दिसलं. त्यात म्हणे फोनऐवजी संगणकावरच एक छोटा प्रोग्राम बसवता येतो. तो दर तीस सेकंदांना सहा आकडी नवा कोड काढतो, आणि तोच इकडे टाकायचा. तीस सेकंद म्हणजे किती हे मला कुणी शिकवायला नको. नाडी मोजण्यात जन्म गेलाय.

प्रोग्राम उतरवून घेतला, बसवला. मग पडद्यावर काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन आला आणि म्हणाला, ह्याच्यावर फोन धरा.

मी खुर्चीत मागे टेकून पाच मिनिटं नुसती त्याच्याकडे बघत बसले. मग म्हटलं, वर एक दार लपवलं होतं तर खालीही असणार. होतं! 'चौकोन वाचता येत नाही?' त्यावर टिचकी मारली तर बत्तीस अक्षरांची माळ आली. ती प्रोग्रामात हाताने भरायची. ह्यांना वाचायला बसवलं. हे शाळेत कवायतीचे सर होते, तेव्हा बत्तीस अक्षरं अशी म्हटली की गल्लीतली माणसं सावधानमध्ये उभी राहिली असतील. प्रत्येक चार अक्षरांनंतर "विश्राम!"

आणि कोड आला. सहा आकडे, शेजारी छोटं वर्तुळ झिजत चाललेलं. घाईघाईने टाकला.

'कोड चुकीचा आहे.'

पुन्हा टाकला. चुकीचा. अकरा वेळा टाकला. नंतर संगणकच म्हणाला, थोड्या वेळाने प्रयत्न करा. अकरा वेळा तर मी सुईसुद्धा कुणाला टोचली नसेल.

७ मार्च, शनिवार

चिरंजीव आलेत. हल्ली दर शनिवारी येतात, पूर्वी महिन्यातून एकदा यायचे. मधल्या दिवसांत रोज फोन करतात आणि पहिलं वाक्य, "ती जेवली का?" आई जेवली का, हे कुणी विचारत नाही.

संगणकाशी तासभर झटले. ती बत्तीस अक्षरं पुन्हा भरली. तोच चुकीचा कोड. "आई, फोन घे आणि मोकळी हो," म्हणाले. ज्या माणसाचे पूल उभे राहतात त्याने इतक्या लवकर हात टेकावेत!

दुपारी दोघांची खोलीत कुजबुज चालली होती. मी कपडे आणायला गॅलरीत गेले तेव्हा कानावर पडलं. ती म्हणत होती, "अजून नको. तीन आठवडे थांबू या. मग सांगू त्यांना."

तीन आठवडे. म्हणजे महिनाअखेर. वेगळं घर बघतायत, दुसरं काय? मी रागावणार नाही, असं इथे लिहून ठेवते. लिहिलं की पाळावं लागतं.

९ मार्च, सोमवार

बाजाराच्या मागच्या गल्लीत संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. दुरुस्तीवाले गृहस्थ माझ्याच वयाचे, कपाळावर भिंग चढवलेलं, समोर उघडी पडलेली तीन यंत्रं. मी सगळी कहाणी सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"बाई, तुमच्या संगणकाचं घड्याळ बरोबर आहे का?"

"म्हणजे काय! सात मिनिटं पुढे आहे."

"पुढे?"

"आमच्या घरातली सगळीच सात मिनिटं पुढे असतात. मीच लावते. ड्यूटीवर मला कधी उशीर झालेला नाही."

त्यांनी हातातला स्क्रू खाली ठेवला आणि असे हसले की भिंग नाकावर घसरलं. मग समजावून सांगितलं. तो प्रोग्राम आणि तिकडचं खातं, दोघं आपापल्या जागी बसून तीच गुप्त अक्षरं आणि तेव्हाची वेळ घेतात आणि आकडा काढतात. एकमेकांशी बोलत नाहीत. "तुमचा संगणक सात मिनिटांनंतरचा कोड देतोय, बाई. तिकडे ती वेळ अजून उजाडलेलीच नाही!"

वर फुकटचा सल्लाही दिला. प्रोग्राम आणि खातं एकाच संगणकावर, तेव्हा तो बंद पडला तर मी स्वतःच बाहेर राहीन. म्हणून सुटकेचे दहा कोड मिळतील ते कागदावर लिहा आणि संगणकापासून लांब ठेवा. चक्क कागदावर! इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी माझ्या भाषेत बोललं.

१० मार्च, मंगळवार

घड्याळ बरोबर केलं. कोड टाकला. हिरवी खूण! मी ह्यांना हाक मारली ती पलीकडच्या इमारतीत पोचली असावी.

पण आनंद जेमतेम मिनिटभर टिकला. शेवटचं बटण दाबण्याआधी एक पान आलं: 'सध्या या यंत्रांवर आपलं खातं उघडं आहे. ती आपलीच आहेत का?' यंत्रं दोन होती. एक माझं. दुसरं आपल्याच गावातलं, आणि ते रोज पहाटे पाच चाळीसला जागं होतं. गेले पंधरा दिवस, एक दिवस खाडा नाही. पुस्तकात जाऊन पाहिलं तर त्या वेळेला दरवेळी एकच पान उघडलेलं. प्रकरण तिसरे, 'पहिले तीन महिने'.

माझं पुस्तक चोरीला जातंय!

आणि चोर कोण ते मला माहीत आहे. आमच्या जुन्या मेट्रनबाई. त्याही म्हणे काहीतरी लिहितायत. मागच्या महिन्यात मला विचारलं होतं, "तुमचं कुठवर आलं?" आवाजात साखर घोळलेली. आणि त्या पाचला उठतात, हे सगळ्या वॉर्डला ठाऊक आहे.

घाई नको. शेवटचं बटण दाबलं नाही. दोन दिवस नजर ठेवते.

११ मार्च, बुधवार

भाजी घेताना मेट्रनबाई भेटल्या. "किती दिवसांनी!" म्हणाल्या. मी म्हणाले, "हो, हल्ली पहाटे फार कामात असतात म्हणे लोक," आणि वांग्यांकडे वळले. त्या गोंधळल्यासारख्या दिसल्या. नाटक छान जमतं त्यांना.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं आणि बराच वेळ खाली घेतलं नाही.

"चोराला बाळंतपणाचं पुस्तक कशाला गं?"

"छापायला!"

"मग एकच प्रकरण का वाचेल तो पंधरा दिवस? त्याला गरज असेल काही. वाचू दे की."

माझ्या इतक्या मेहनतीबद्दल घरच्या माणसाचं हे मत. मी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. पाच वाजता ह्यांनी स्वतः चहा करून आणला, सूनबाईसाठी लिंबू पिळून सरबत केलं आणि गॅलरीत तिच्याजवळ जाऊन बसले. ती दोघं कशावर तरी हसत होती. तिला आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं म्हणून अर्धी सुट्टी होती. चष्मा मात्र काही लागला नाही म्हणे.

१२ मार्च, गुरुवार

दाबलं! 'इतर सर्व यंत्रांवरून बाहेर पडा', हे आधी दाबलं आणि मग 'दुहेरी पडताळणी सुरू करा'. दहा सुटकेचे कोड मिळाले. दोनदा लिहून काढले, दोनदा तपासले, औषधाचा डोस तपासावा तसे. एक कागद जन्मदाखल्यांच्या पत्र्याच्या डब्यात आणि एक शिवणाच्या पेटीत, बटणांखाली.

माझं वय चौसष्ट. माझ्याकडे फोन नाही. आणि माझ्या खात्याला दोन कुलपं आहेत. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं तेव्हा मी एक गिरकी घेतली. गुडघ्याने तक्रार केली, पण घेतली.

१३ मार्च, शुक्रवार

साडेपाचला उठून संगणकासमोर बसले. पाच एकेचाळीसला पट्टी आली: 'योग्य पासवर्ड वापरून कुणीतरी आपल्या खात्यात शिरण्याचा प्रयत्न केला. कोड न दिल्यामुळे अडवण्यात आलं.'

योग्य पासवर्ड! चोराला पासवर्डसुद्धा माहीत होता!

न्याहारीच्या टेबलावर मी ही बातमी अशी सांगितली की जणू दरोडेखोर पकडलाय. "आला होता! कुलपावर आपटून परत गेला! आता म्हणावं, काढ किल्ली!"

सूनबाईच्या हातून पाण्याचा पेला कलंडला. चेहरा एकदम पांढरा. बिचारी फार घाबरट आहे. मी म्हणाले, "अगं, भिऊ नकोस, आता तो परत येत नाही." ती उठून गेली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि टोस्ट घालून बंद केलं.

१४ मार्च, शनिवार

आजचं आजच लिहायला हवं.

पहाटे पुन्हा पहाऱ्याला बसले होते. पाच चाळीस झाले. पट्टी आली नाही. दारावर टकटक झाली.

सूनबाई होती. केस विस्कटलेले, अंगावर शाल. दारातच उभी राहिली.

"आई, चोर मीच आहे."

मला आधी कळेचना. "तू? अगं, मग मला मागायचं! मी छापून दिलं असतं तुला. चुका काढत होतीस का? त्या आकृतीत बाण उलटा पडलाय, माहीत आहे मला—"

"आई." तिने मला थांबवलं. "मला तिसरं प्रकरण वाचायचंय. फक्त ते एक पान. आज पण."

"पहिले तीन महिने?"

"हो."

आणि मग, चौतीस वर्षं जे मला रस्त्याच्या पलीकडून चालणाऱ्या बाईत दिसायचं, ते आत्ता कुठे, तीन हातांवर उभ्या असलेल्या घरच्या मुलीत मला दिसलं. टोस्ट. कांदा. चहा. लिंबू. डोळ्यांचे डॉक्टर. ती जेवली का.

"किती आठवडे?" मी विचारलं.

"दहा होतील उद्या." ती खाली बसली, माझ्या खुर्चीच्या पायाशी, जमिनीवरच. "मागच्या वर्षी दहाव्यातच गेलं होतं, आई. इथे राहायला यायच्या आधी. आम्ही कुणालाच सांगितलं नाही. ह्या वेळी बारा होऊ देत आणि मग सांगू, असं ठरवलं. पण पहाटे जाग आली की हेच मनात येतं, ह्या वेळीही तसंच झालं तर? तुमचं ते पान वाचलं की ऑफिसला जाता येतं."

"मला का नाही सांगितलंस?"

तिने शाल गुंडाळून घेतली. "तुम्ही रोज माझ्याकडे बघितलं असतं. तुमच्या त्या नजरेने. आणि पुन्हा तसं झालं असतं तर... ते तुमच्या चेहऱ्यावर मला माझ्याआधी दिसलं असतं. मला ते नको होतं. पुस्तकाला चेहरा नसतो."

मी काय करावं? हात आपणहून तिच्या मनगटावर गेला. सवय. बोटं नाडीवर टेकली तशी ती हसली, रडताना हसतात तशी. मग मी मोजणं सोडलं आणि नुसताच हात धरला. खिडकीत उजाडेपर्यंत सोडला नाही.

"कोणतं पान गं?" मी शेवटी विचारलं.

"ते, जिथे तुम्ही लिहिलंय की घाबरलेल्या बाईला 'घाबरू नका' असं सांगू नये. तिच्याजवळ बसावं, आणि आज काय ठीक आहे तेवढं सांगावं."

हे मी लिहिलंय. ठळक अक्षरांत. आणि काल सकाळी तिला म्हणाले, भिऊ नकोस.

मग मी तिला सांगितलं. मळमळ आहे, ते ठीक आहे. झोप येते, ते ठीक आहे. रक्त नाही, कळ नाही, ते ठीक आहे. आजचा दिवस ठीक आहे. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. मी पुढे म्हणाले, "आणि टोस्टचा चुरा हवा तेवढा पाड. मुंग्यांचं मी बघते."

सातला हे फिरून आले. आम्हा दोघींना जमिनीवर बसलेलं पाहिलं आणि विचारलं, "सापडला चोर?"

ह्यांना माहीत होतं! पंधरा दिवसांपासून! पाचला उठतात, बेसिनपाशी तिला वाकलेली पाहिली आणि गप्प राहायचं वचन देऊन बसले. कवायतीच्या सरांना दिसलं आणि वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरला नाही. हे आता पुढची दहा वर्षं ऐकावं लागणार. ऐकेन.

चिरंजीव दुपारी आले. आईला कळलंय हे कळल्यावर पिशवी हातात तशीच धरून उभे राहिले आणि मग लहानपणी रडायचे तसे रडले.

१६ मार्च, सोमवार

मेट्रनबाईंकडे जाऊन आले. क्षमा मागितली. कशाबद्दल ते सांगताना घाम फुटला. त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. त्या पाककृतींचं पुस्तक लिहितायत.

संध्याकाळी सूनबाईला खात्यात रीतसर आत घेतलं. आता पुस्तक तिच्या नावाने तिच्याकडेही उघडतं. तिच्या फोनवर तिची स्वतःची दुसरी किल्ली, माझ्याकडे माझी.

१९ मार्च, गुरुवार

आम्ही दोघी तिसरं प्रकरण नव्याने लिहितोय. ती आडवी पडून सांगते, मी टंकते. ती म्हणते, "आई, इथे तुम्ही 'रुग्ण' म्हटलंय. आजारी कोण आहे?" खोडलं. ती म्हणते, "गर्भ टिकला नाही तर पुढे काय, ह्यावर तुमच्या अडीच ओळी आहेत. त्याही औषधांच्या." खरं होतं. वॉर्डातून ती बाई घरी गेली की माझं काम संपायचं. घरी गेल्यावर काय होतं, ते मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. आता चार पानं झालीत. त्यांत माझं एकही वाक्य नाही, सगळी तिची आहेत, मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितलं. पुस्तकावर दोन नावं असतील, असं संस्थेला कळवलंय.

आणि ती माझा चहा पिऊ लागली. अर्धा कप.

२७ मार्च, शुक्रवार

बारा आठवडे होत आले म्हणून आज तपासणी होती. माझ्याच जुन्या रुग्णालयात. इमारत तीच, रंग नवा. दारावरची सिस्टर तरुण, मला ओळखत नव्हती. सूनबाई आणि चिरंजीव आत गेले, मीही सवयीने मागोमाग निघाले, तर तिने हात आडवा केला.

"घरच्यांनी बाहेर थांबायचं."

माझं वाक्य. सूरही माझाच. चौतीस वर्षांत किती जणींना ऐकवलं असेल! आणि त्या सगळ्या ज्या बाकावर जाऊन बसत, तो बाक इतका कडक आहे, हे मला आज कळलं. हे शेजारी बसले. मी भिंतीवरचा तक्ता वाचला, पुन्हा वाचला. दाराआडून काहीच ऐकू येत नव्हतं. आत काय चाललं असेल ह्याचा प्रत्येक टप्पा मला पाठ आहे आणि त्याचा काडीचाही उपयोग होत नव्हता. ह्यांनी खिशातून टोस्ट काढला, अर्धा मला दिला. मी खाल्ला. चुरा पडला.

मग आतून सूनबाईचं हसू ऐकू आलं. मोठ्याने, मोकळं. सहा महिन्यांत असं ऐकलं नव्हतं.

दार उघडलं. सिस्टर बाहेर डोकावली आणि म्हणाली, "आजी, आत या."

बाकावर माझ्या पलीकडे आणखी दोघी बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. ह्यांनी मला कोपराने ढोसलं.

"अगं, तुलाच म्हणतायत."